ढालीवरचा हातमोजा

"त्यापेक्षा हेरिंग मासा काढा की," लेइडा म्हणाली. "बेट मासळीवर जगलं, मोज्यांवर नाही."

सरपंच एंडेलनं कागद पुन्हा तिच्यापुढं सरकवला. निळी ढाल आणि तिच्यावर पांढरा हातमोजा. उद्या पंचायतीची सभा होती, आणि लेइडाच्या होकाराशिवाय गावाचं हे मानचिन्ह मंजूर करायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलं होतं. मोजा तिचाच होता ना!

"मावशी, मासे काय, गावोगावच्या ढालींवर आहेत. मोजा फक्त आपला. लढाईच्या साली समुद्रानं प्रेत आणून टाकलं. चेहरा ओळखू येईना. रशियन शिपाई युहानला जंगलात धुंडाळत होते, आणि तू मोज्यांची वीण पाहून सांगितलंस, हाच माझा नवरा. आपल्या माणसाला घरी आणणारा मोजा! याहून चांगला अर्थ कुठून आणू?"

बोलता बोलता एंडेललाच भरून आलं. लेइडा कॉफीची किटली उगाच पुसत राहिली. या बेटांवर प्रत्येक बाई आपल्या गावची नक्षी विणते. हातमोजा पाहिला की माणूस कुठला, ते विचारावं लागत नाही.

पन्नास वर्षं ती दर रविवारी त्या थडग्यावर जात होती, आणि गाव तिच्या निष्ठेचे गोडवे गात होतं. तिला ते ऐकवत नसे. आता तेच पंचायतीच्या दारावर कायमचं चढणार होतं. होकार देणं तिला जमेना, आणि नकाराचं कारण सांगणं त्याहून जमेना.

"अगं, नव्या नवरीसारखी लाजतेस काय? हो म्हण आणि मोकळी हो."

"युहान वाचला रे," ती म्हणाली.

"आं?"

"माळ्यावर लपवला होता मी त्याला. पुढं होडीनं स्वीडनला गेला, तिथंच दुसरा संसार थाटला. मेलेल्या माणसाला शोधायला शिपाई येत नाहीत. म्हणून त्याचे मोजे मी त्या प्रेताला घातले."

एंडेलनं कागद स्वतःकडे ओढून पुन्हा पाहिला. मग त्याचा चेहरा उजळला.

"म्हणजे जीव वाचवलास की! मग तर मोजा हवाच, मावशी. आणि त्या बिचाऱ्याच्या उघड्या हातांनाही तेवढीच ऊब मिळाली."

"हात उघडे नव्हते, एंडेल. त्याच्या घरच्या बाईनं विणलेले मोजे होते, पलीकडच्या बेटाच्या नक्षीचे. ते मी चुलीत घातले."