आधी पाय की आधी प्रेस

“हे कार्ड आठव्या सेकंदाला मान टाकतं.” तिने कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड काउंटरवर ठेवलं. “आणि वर एवढा मोठा एकशे सत्तरचा आकडा छापलाय.”

दुकानदाराने चष्मा कपाळावर सरकवला. “मॅडम, तो आकडा वाचायचा वेग सांगतो. म्हणजे कार्डावरचं कॉम्प्युटरवर किती भरभर उतरतं ते. तुमचा भाड्याचा कॅमेरा सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं ओतणार. ती न अडखळता लिहून घेणारं कार्ड हवं. हे कोपऱ्यातलं बारकं अक्षर बघा. व्ही, आणि पुढे नव्वद. काहीही झालं तरी वेग त्याच्या खाली येत नाही.”

नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायची तिला सवय नव्हती. तिने नवं कार्ड कॅमेऱ्यात घातलं, दुकानातल्या पंख्यावर रोखलं आणि घड्याळ लावून दहा मिनिटं उभी राहिली. गिऱ्हाईकं तिला वळसा घालून जात होती.

“पंख्याचा वाढदिवस आहे का?” दुकानदाराने विचारलं.

ती हसली नाही. कॅमेरा थांबला नाही, तेव्हाच तिने ते कार्ड घेतलं.

डब्यांची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात ती सुरक्षा अधिकारी होती. पायाने पेडल दाबलं की प्रेस खाली यायची आणि पत्र्यातून झाकण कापून निघायचं. अकरा महिन्यांपूर्वी त्या प्रेसखाली एका कामगाराची तीन बोटं गेली. तो तिचा नवरा होता.

दवाखान्यात शुद्धीवर येताच तो म्हणाला होता, “पेडलला पाय लागलाच नव्हता गं. प्रेस आधी आली.”

चौकशी दुसऱ्या कुणाकडे देऊ का, असं मालकांनी विचारलं. तो प्रश्न तिला झोंबला. घरचा माणूस म्हणून ती डोळेझाक करेल, असं त्यांना वाटलंच कसं? ती स्वतः प्रेसपाशी उभी राहिली. दुसऱ्या कामगाराला शंभर वेळा पेडल दाबायला लावलं. शंभरही वेळा पाय आणि प्रेस बरोबर. तिने अहवालात लिहिलं, ‘कामगाराची चूक’, आणि खाली सही ठोकली. बाईने नवऱ्याचीही गय केली नाही, असं लोक बोलले. ते तिच्या कानावर आलं आणि तिला बरं वाटलं.

नवऱ्याची बदली स्टोअरमध्ये झाली. दोन महिने तो घरात कामापुरतंच बोलला. मग एकदा जेवताना, डाव्या हाताने घास उचलत म्हणाला, “माझाच पाय पडला होता. आठवतंय मला.” तिच्या छातीवरचं ओझं उतरलं. तो विषय तिथेच मिटला.

तो पुन्हा निघाला बारकीमुळे. त्याच प्रेसवर आलेली ही नवी मुलगी. अपघातानंतर पत्रा चिमट्यानेच धरायचा नियम झाला होता, म्हणून तिचे हात शाबूत होते. “मॅडम, कधी कधी ही बया माझ्या आधीच खाली येते,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. बाकीचे हसले. आपल्या अहवालावरच बोट ठेवलेलं पाहून तिला हसू आलं नाही, राग आला. एकदाचा पुरावाच तोंडावर मारावा, म्हणून तिने कॅमेरा आणला. पाय आणि प्रेस, दोन्ही एकाच चौकटीत. सकाळभर चित्रण झालं. नवं कार्ड एकदाही थांबलं नाही.

दुपारी ऑफिसचं दार लावून ती बघायला बसली. सगळं पाण्याखाली चालावं तसं संथ. बूट खाली येतो, पेडल दबतं, प्रेस उतरते. पुन्हा बूट, पेडल, प्रेस. शंभर झाले, दोनशे झाले. ती जांभई द्यायला लागली.

तीनशे बाराव्या वेळी तिचा हात माउसवर थिजला.

बूट अजून हवेत होता. तळव्याखालून पलीकडचा उजेड दिसत होता. पेडल जागचं हललं नव्हतं. आणि प्रेस खाली येत होती.

तिने मागे नेऊन पाहिलं. पुन्हा पाहिलं. चित्र बदललं नाही. नुसत्या डोळ्यांना दोन्ही एकदमच झालेलं दिसलं असतं. तसंच तर दिसलं होतं.

ती पळतच खाली गेली आणि प्रेसचा मुख्य स्विच तिने स्वतः बंद केला. “कुणी हात लावायचा नाही!” तिचा आवाज चिरकला. प्रेस खाली ढकलणारी हवा सोडणारा व्हॉल्व्ह फिटरने उघडला. आतून शर्टाच्या बटणाएवढं, झिजून कडा गेलेलं रबर निघालं. “हवा गळते की मॅडम,” तो म्हणाला. “मनात येईल तेव्हा पडणार ही.” बारकीने दोन्ही हात काखेत दाबून धरले होते.

लॅपटॉप छातीशी धरून ती स्टोअरमध्ये गेली. नवरा डाव्या हाताने नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होता.

“अहो, हे बघा.”

त्याने पाहिलं. स्वतःच मागे नेऊन पुन्हा पाहिलं. आता हा ओरडेल, लॅपटॉप भिरकावेल, या तयारीने ती उभी होती. त्याने तसं करावं, असंच तिला वाटत होतं.

“मग तुम्ही का म्हणालात, माझाच पाय पडला म्हणून?” शेवटी तिनेच विचारलं. “माझ्यासाठी खोटं बोललात?”

“खोटं नाही गं.” तो पडद्याकडेच बघत होता. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. “मला खरंच आठवत होतं. माझा बूट, पेडल, सगळं. अजूनही तसंच आठवतंय.”

“पण कसं?”

“तुझा अहवाल वाचला,” तो म्हणाला. “तू लिहिलंस म्हटल्यावर मला तसंच दिसायला लागलं.”