डब्यातला थेंब

काचेला आतून थेंब लागलेला दिसला आणि सासूबाईंच्या तोंडातून बुडबुड्यांचा लोंढा सुटला.

कॅमेरा सुनेचा होता. पाण्याखाली नेण्यासाठी तो एका जाड पारदर्शक डब्यात बंद केला होता. थेंब त्या डब्याच्या आत होता. समोर पट्ट्यापट्ट्यांचा एक मासा फोटो काढून घ्यायला आल्यासारखा थांबला होता, त्याचा एक फोटो निघालाही होता, पण आता त्याच्याकडे बघतंय कोण! सासूबाईंनी शिकवल्याप्रमाणे डबा उलटा धरला, काच खाली, म्हणजे शिरलेलं पाणी काचेत साचेल, कॅमेऱ्यात जाणार नाही. मग शिकवणाऱ्या डायव्हमास्तरला त्यांनी अंगठा वर करून दाखवला. पाण्याखाली त्याचा अर्थ 'झकास' असा होत नाही. 'वर चला' असा होतो.

वर येताना घाई करायची नसते. तेवढ्या वेळात सासूबाईंचा हिशेब मांडून झाला. सून लग्नाचे फोटो काढायची, याच कॅमेऱ्यावर तिचं सगळं काम. येत्या शनिवारी एक मोठं लग्न. "न्या की आई, त्यात काय," असं ती म्हणाली होती खरी. पण मग बोट लागत असूनही स्वतः बोटीवर येऊन बसली. कशाला? कॅमेऱ्यावर नजर ठेवायला, दुसरं काय! आणि वाटभर डायव्हमास्तरला एकच भुणभुण. "किती खोल जाणार? नक्की? त्याच्या खाली नाही ना नेणार?" तो बिचारा शेवटी हूं हूं करायला लागला होता. तेव्हाच सासूबाईंनी मनात नोंदवून ठेवलं होतं, की हिचा वस्तूंवर फार जीव. आता कॅमेरा बुडाला होता, आणि त्याहून वाईट म्हणजे सून बरोबर ठरली होती.

बोटीच्या शिडीशी सून वाकून उभीच होती. चेहरा पार उतरलेला, एका हाताने कठडा धरलेला. तिने दुसरा हात पुढे केला. सासूबाईंनी त्यात डबा ठेवला. सुनेने तो न बघताच बाकावर ठेवला आणि हात पुन्हा पुढे केला.

"पाणी गेलंय आत," वर पाय ठेवताठेवताच सासूबाईंनी सांगून टाकलं.

"थांबा काकू, आधी बाहेरून पुसू," डायव्हमास्तर म्हणाला. "तुमचे केसही पुसा, नाहीतर वरून आपणच पाणी घालायचो." त्याने टॉवेलने डबा कोरडा केला आणि जपून उघडला. काचेच्या आतल्या अंगाला चारदोन थेंब होते. "आता चाखून बघायचं. डबा गळला असेल, तर खारट लागेल. पण त्यासाठी आधी..."

पुढचं ऐकायला सासूबाई कुठल्या थांबतात! बोट लावलं, जिभेवर ठेवलं. खारट. चांगलं खारट.

"संपलं," त्या मटकन बाकावर बसल्या. "त्या नवरीच्या आईला मी स्वतः फोन करते. तू मधे पडू नकोस. माझी चूक आहे, मीच ऐकून घेईन."

सुनेने बाटलीतल्या पाण्याने चूळ भरली. "सरका जरा," म्हणाली, आणि एक थेंब तिनेही बोटावर घेतला.

"साधं पाणी आहे."

"उगाच माझं मन राखू नकोस."

"अहो आई, तुम्ही आत्ता समुद्रातून वर आलात. तुम्हाला आता साखरसुद्धा खारट लागेल!"

डायव्हमास्तर खो खो हसला. "तेच सांगत होतो, आधी चूळ भरा म्हणून." त्याने झाकणाच्या खाचेतलं रबरी कडं बोटाने चाचपलं. कोरडं ठणठणीत, केस नाही की वाळूचा कण नाही. सुनेने कॅमेऱ्याचं बटण दाबलं. टिक. पडद्यावर पट्ट्यांचा मासा आला, जरासा धुरकट, पण आला. सासूबाईंनी इतका मोठा श्वास सोडला, की पाण्याखाली तेवढ्या हवेत त्यांचं आणखी थोडं भागलं असतं.

"मग पाणी आलं कुठून?"

"आतल्या हवेला घाम फुटला, काकू. गार पाण्याच्या ग्लासला बाहेरून फुटतो ना, तसा. म्हणून तर डबा कोरड्या, गार खोलीत बंद करायचा आणि मग उघडायचा नाही."

"सकाळी एसी लावून मीच बंद करून दिला होता," सून म्हणाली. "बोटीवर कोणी उघडला का?"

सासूबाई टॉवेलची घडी घालू लागल्या.

"कडं नीट बसलंय ना, एवढंच बघायला. एकदा."

सुनेने एक भुवई वर केली.

"बरं, तीनदा!"

घरात ओव्हनमधला केक फुगतोय का हे दर दोन मिनिटांनी दार उघडून बघणाऱ्या आणि म्हणून केक हमखास बसवणाऱ्या बाई त्या. बोटीवरची दमट हवा त्यांनी स्वतःच्या हाताने डब्यात भरली होती. सुनेला हसू आवरेना. कठड्याला धरून, पोट दाबून ती हसत होती. मग सासूबाईही हसल्या, आणि हसताहसता जरा सैलावल्या.

"तू आलीस ते बरंच झालं म्हणायचं," त्या म्हणाल्या. "कॅमेऱ्यासाठी का होईना. सारखं किती खोल, किती खोल करत होतीस, तेव्हा राग आला होता मला. पण बरोबर आहे, डबा तुझा, तू विचारणारच."

सुनेने टॉवेल त्यांच्या हातातून घेतला आणि त्यांच्या ओल्या खांद्यांवर टाकला.

"डबा चाळीस मीटरपर्यंत टिकतो, आई. तसं त्याच्यावर लिहिलंय. तुमच्यावर कुठे काय लिहिलंय?"