खडा सापडेपर्यंत

“दिसतं ते बोल,” सर म्हणाले.

“पू,” ती म्हणाली. “भरपूर. चरबीची झालर उजवीकडे चिकटून बसलीय.”

“म्हणजे फुटलंय.”

“फुटलंय, सर. अपेंडिक्स टोकाजवळ फाटलंय. मूळ मात्र चांगलं दिसतंय.”

बेंबीतून आत सरकवलेली दुर्बीण पोटाची आतली बाजू मॉनिटरवर मोठी करून दाखवत होती. खोलीतले सगळे तिकडेच पाहत होते. ती, दुर्बीण धरणारी सहायिका, हत्यारं देणारी सिस्टर, आणि टेबलाच्या डोक्याशी भूलतज्ज्ञ आणि सर.

आत दिसेल ते मोठ्याने सांगायचं, आणि जे सांगता येत नाही ते कापायचं नाही, हा सरांचाच नियम. या हॉस्पिटलात शिकलेल्या प्रत्येक सर्जनला त्यांनी तो लावला होता. काही जण म्हणे घरी भाजी चिरतानाही बोलत.

पेशंट एकाहत्तर वर्षांचा, फुप्फुसांनी अधू. पूर्ण भूल द्यायला भूलतज्ज्ञ तयार नव्हते. पाठीत सुई देऊन शरीराचा मधला आणि खालचा भाग बधिर केला होता, आणि ते औषध सव्वा तास पुरणार होतं. पोट उभं उघडलं असतं तर काम सोपं झालं असतं, पण मग टाक्यांच्या दुखण्याने या माणसाला धड खोकता आलं नसतं, आणि छाती भरून तो आठवड्याभरात गेला असता. तीन छोट्या छिद्रांतूनच सगळं उरकायला हवं होतं.

तिचा हात स्थिर होता. अशी दोनशे ऑपरेशनं तिने केली होती. झालर हलकेच सोडवत ती पू ओढून घेऊ लागली.

“तीन दिवस,” सर म्हणाले. “तीन दिवस पोटात दुखतंय आणि हा शहाणा ॲसिडिटीच्या गोळ्या चघळत बसला.”

“सर, हळू बोला,” सिस्टर म्हणाली. “पेशंट जागा आहे.”

“ऐकू दे. ऐकायलाच हवं त्याने.”

“बाहेर बायको बसलीय त्याची. म्हणते, डॉक्टरला फोन लावते म्हटलं की माझ्यावरच खेकसायचे.”

“बरोबर आहे तिचं,” सर म्हणाले. “अशा नवऱ्याला घराबाहेर काढावं.”

“काढलंच ना,” भूलतज्ज्ञ म्हणाले. ते आणि सर एकाच वर्षी शिकलेले, त्यामुळे त्यांची जीभ सैल असे. “खांदा कसा आहे रे?”

“दुखतोय. चालायचंच.”

“पोट फुगवायला भरलेल्या वायूचा दाब दहाच्या वर नेऊ नकोस गं,” भूलतज्ज्ञांनी तिला सांगितलं.

“नऊवर आहे.”

तिने अपेंडिक्सची रक्तवाहिनी बंद केली, मुळाशी दोन फास आवळले आणि मध्ये कापलं. कापलेला तुकडा पिशवीत घातला. चाळीस मिनिटं झाली होती. सहायिकेने सुस्कारा सोडला.

“खडा?” सरांनी विचारलं.

तिने तुकडा पुन्हा निरखला. अपेंडिक्सचं तोंड बंद करणारा, वाटाण्याएवढा खडा सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसला होता. आता फाटलेल्या टोकात तो नव्हता.

“बाहेर पडलाय.”

“म्हणजे पोटात कुठेतरी आहे. तो आत राहिला तर महिन्याभरात तिथे गळू होईल, आणि मग पोट उघडण्यावाचून गत्यंतर नाही. तो सापडेपर्यंत बाहेर यायचं नाही.”

“तीस मिनिटं आहेत,” भूलतज्ज्ञ म्हणाले. “फार तर पस्तीस.”

“खाली बघ, ओटीपोटात,” सर म्हणाले. “जड वस्तू खाली जाते.”

तिने ओटीपोट धुतलं. आतड्याची वेटोळी एकेक करून उचलली. दहा मिनिटं गेली. खडा नव्हता.

“अजून खाली.”

ती थांबली.

“नाही, सर. मी यकृताकडे बघते.”

“यकृताकडे? इतक्या वर?”

“टेबल सुरुवातीपासून डोक्याकडून उतरतं केलंय. आत्ता पेशंटचं वर म्हणजे खाली.”

सरांच्या शब्दाला असं छेद देणारं इथे कुणी नव्हतं.

“खरंय,” सर म्हणाले. “हे तर सगळ्यात आधी मलाच कळायला हवं होतं.”

भूलतज्ज्ञ मोठ्याने हसले.

तिने दुर्बीण यकृताकडे वळवायला लावली. यकृताखाली गढूळ पाण्याचं तळं साचलं होतं. ती ते सावकाश ओढू लागली. पाणी उतरलं तसा तळाशी मातकट रंगाचा एक गोळा उघडा पडला.

“दिसला,” ती म्हणाली. “उजवीकडे, यकृताखाली. वाटाण्याएवढा. अखंड आहे.”

“फुटू देऊ नकोस.”

“नाही फुटणार.”

चिमट्याने हलकेच उचलून तिने खडा पिशवीत सोडला. पुन्हा सगळं धुतलं, शेवटचा थेंब ओढून घेतला, वायू सोडला आणि छिद्रं शिवली. तासाभराला दहा मिनिटं वर झाली होती. टेबल सपाट केलं.

सरांनी कुणाला शाबासकी दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं.

“मी असतो तर ओटीपोटातच वेळ घालवला असता,” ते म्हणाले. “छान केलंस.”

ती हातमोजे काढून टेबलाच्या डोक्याशी आली. तिचे डोळे आता कुठे भरून आले होते, पण आवाज ठाम होता.

“उद्या सकाळी उठून वॉर्डात चालायचं. आणि यापुढे पोटात दुखलं की आधी मला फोन.”

“बरं, डॉक्टर,” सर म्हणाले, आणि तिने त्यांच्या पोटावरच्या तीन छोट्या पट्ट्यांवर चादर ओढली.