भावाचं सचित्र चरित्र

माझा धाकटा भाऊ नावाजलेला भौतिकशास्त्रज्ञ. त्याचं मुलांसाठीचं सचित्र चरित्र छापून आमच्याच बाइंडिंगखान्यात घड्या घालायला आलं. मालक म्हणाले, "अक्का, आता मिरवा!" मी चित्रांत स्वतःला शोधलं. एका चित्रात तो एकटाच वाचत बसला होता. खाली लिहिलं होतं, "घरात कुणालाच अक्षरओळख नव्हती." अस्सं! तिसरीतून शाळा सोडून मी इथे कामाला लागले ती त्याच्यासाठी, आणि इथल्याच रद्दी कागदांवर त्याला अक्षरं शिकवली तीही मीच. लगेच फोन लावला. "कुणी सांगितलं रे हे?" "मीच. मुलांना एकट्याने लढणारा हिरो लागतो गं, अक्का." "मग शाळेत हाताला धरून तुला भूत नेत होतं का?" तो हसला आणि मीटिंग आहे म्हणाला. तेच पान मी तीन हजार वेळा दुमडलं. एकही घडी वाकडी पडू दिली नाही.