उजळणारं छत

रामाच्या देवळाला आतून एक नवा गिलावा दिल्यापासून दिवे लावावे लागत नसत. आवाज जिथून येई, तिथल्या डोक्यावरचं छत तेवढं उजळे. मोघेबुवांच्या कीर्तनात झांजा वाजत होत्या तोवर सभामंडपात लख्ख उजेड होता. पण उत्तररंगातल्या कथेत बाण लागलेला श्रावणबाळ बोलू लागला, तसा बुवांचा आवाज खाली आला आणि मंडपात मिट्ट काळोख झाला.

"बुवा, जरा मोठ्यानं!" विश्वस्त अच्युतराव ओरडले, आणि क्षणभर एकटे तेच दिसले. "अंधारात लोक उठून जातील हो! पुढच्या वर्षी मग खणखणीत आवाजाचे बुवा बोलवावे लागतील."

"अहो अच्युतराव, मरणारं लेकरू बोंबलतं का?" बुवा म्हणाले. त्यांनी रामरायाला हात जोडले आणि हलक्या आवाजातच पुढे सांगितलं, "राजा, माझ्या आईबापांना एवढं पाणी नेऊन दे."

कुणी उठलं नाही. बायकांच्या बाजूला एक हुंदका आला आणि वर छताला चांदणीएवढा उजेड पडला. मग दुसरा, तिसरा. सगळ्यांत मोठा उजेड अच्युतरावांच्या डोक्यावर होता.

"सर्दी झालीय मला," ते म्हणाले, आणि आणखीच उजळले.