भाऊंची कळशी

सहाव्या दिवशी वारा पडला आणि साहेबाची शिडाची यॉट भर समुद्रात जागच्या जागी खिळली.

मुंबईहून कराचीपर्यंतची शर्यत. चार साहेबांच्या चार यॉट. हिचं सुकाणू ठाण्याच्या कोळीवाड्यातल्या राघो तांडेलाच्या हाती, चूल काळुरामच्या हाती, आणि नोंदवही भाऊ केतकरांच्या. भाऊ ठाण्यातल्याच टेंभीवर राहणारे, साहेबाच्या कचेरीतले कारकून. रोज किती मैल कापले ते लिहायला बरोबर आलेले. वारा पडल्यापासून तीन दिवस ते एकच आकडा लिहीत होते. शून्य.

होडी हलकी व्हावी म्हणून साहेबाने पाण्याच्या दोन पिंपांपैकी एक धक्क्यावरच ठेवलं होतं. स्वतःच्या सोड्याच्या बाटल्या मात्र त्याला जड झाल्या नव्हत्या.

भाऊंचा पिंपाशी संबंध नव्हता. कोळ्याच्या हातचं त्यांना चालत नसे. घरच्या दशम्या आणि घरची कळशी, तोंडाला फडकं बांधून एका फळीवर वेगळी ठेवलेली. तिला कोणी शिवत नसे. आठव्या दिवशी, पिंपातलं पाणी लोट्यांनी मोजून वाटायची वेळ आली तेव्हा, तिनेही तळ दाखवला.

"भाऊ, पिंपातला घ्या," काळुराम म्हणाला. "दर्यावर कोन बगतं?"

"मी बघतो ना," भाऊ म्हणाले. "शिवाय तुम्हालाच पुरत नाही."

दुपारी ते नोंदवहीवरच घेरी येऊन पडले. ओठ फुटले होते. शुद्धीवर आले तरी पिंपाकडे बघेनात.

राघोने त्यांच्यावर शिडाची सावली धरली. गेल्या साली त्याची बायको ठमाबाई बाळंतपणात अडली, तेव्हा याच भाऊंनी स्वतः टांगा करून डॉक्टर आणला होता. दोन तास अंगणात उन्हात उभे होते. सुटका झाल्यावर ठमाच्या आईने गूळपाणी पुढे केलं, तर हात जोडून "राहू द्या" म्हणाले. राघोला त्याचं वाईट वाटलं नाही. बायको-पोर जिवंत होती, आणखी काय हवं माणसाला? ते उपकार फेडायचे कसे, एवढीच त्याला चिंता.

दुसऱ्या दिवशी पहाटे भाऊ पूर्वेला तोंड करून संध्येला बसले. राघोने आपल्या वाटणीचं दोन लोट्या पाणी गुपचूप त्यांच्या कळशीत ओतलं.

"बामनाला बाटवतंस?" काळुराम कुजबुजला. "पाप लागंल."

"लागू दे माज्या माथ्याला. त्यांना कल्ला त पानी सोरतील, आन जीव पन."

संध्या आटोपून भाऊंनी कळशी उचलली. जरा थांबले. मग घटाघटा प्यायले.

"देवाची कृपा," म्हणाले. "अजून आहे."

काळुराम कपाळाला आठ्या घालून गेला खरा, पण दुसऱ्या पहाटे त्याच्याही वाटणीतली एक लोटी कळशीत पडली. असे पाच दिवस गेले. अडचणीत माणूस देवाला जास्त आळवतो. भाऊंची संध्याही रोज थोडी लांबत गेली, आणि राघोचं काम सोपं झालं.

तेराव्या दिवशी संध्याकाळी वारा सुटला. यॉट शेवटची पोचली. साहेब दोन दिवस कोणाशी बोलला नाही. राघोने मात्र दर्याला नारळ वाहिला आणि मनापासून हात जोडले. सगळे जिवंत होते.

ठाण्याला परतले तेव्हा भाऊंच्या ओटीवर भटजी आणि भावकी वाट बघत बसली होती. भाऊंची मुलगी मंदाकिनी, तिचं लग्न ठरलेलं. बाप समुद्रावर बाटला असेल तर सोयरीक मोडणार होती. साक्षीला राघोला अंगणात उभं केलं.

"परक्या हातचं पाणी?" भटजींनी विचारलं.

"माझ्या कळशीखेरीज कशातलंही प्यायलो नाही," भाऊ म्हणाले.

भटजींनी राघोकडे पाहिलं.

"खरा हाय," राघो म्हणाला.

पंचगव्य झालं, भावकी उठली. भाऊ निर्धास्त दिसले. राघोला मात्र चैन पडेना. ज्या माणसाने आपलं घर वाचवलं त्याला आपण फसवलं, हे त्याला जेवताना आठवे, जाळं विणताना आठवे. एकदा सांगून टाकावं, मग भाऊंनी जोडे मारले तरी चालतील. पण पोरीचं लग्न होईतो तो गप्प राहिला.

वैशाखात लग्न पार पडलं. आठवड्याने भाऊ स्वतःच पेढ्यांचा पुडा घेऊन भरदुपारी कोळीवाड्यात आले. आळीतली माणसं दारात येऊन बघू लागली. टेंभीवरचे केतकर, कोळ्याच्या घरी!

राघो पुढे झाला. "भाऊ, मना एक सांगायचाय. यॉटीवर माज्या हातून..."

भाऊंनी हाताने त्याला थांबवलं. वहाणा काढल्या आणि ते सरळ त्याच्या ओटीवर जाऊन बसले.

"ठमाबाई," त्यांनी आत हाक मारली, "राघोच्या हातचं पाणी पाच दिवस प्यायलो. आज तुमच्या हातचं द्या."