पिंपवाल्यांच्या गल्लीतली ठोकठोक

व्हेनिसच्या मासळीबाजारात धुकं भरलं, तरी ओर्सोलाचा लेक अल्विझे खाडीतून परतला नव्हता. हाका मारून मारून तिचा घसा बसला.

अखेर होडी पायरीला टेकली.

"मेल्या, जीव टांगणीला लावलास! वाट कशी दिसली?"

"दिसतेय कुठली, आई! पिंपवाल्यांच्या गल्लीत कोण एवढं ठोकतंय? त्या आवाजावरच वल्हवत आलो."

ओर्सोलाने त्याला घट्ट धरलं. त्या गल्लीत तिच्या आजीच्या काळापासून कुणी पिंप ठोकलं नव्हतं. आता तिथे मुखवट्यांची दुकानं होती, तीही अजून बंद.

पण ठोकठोक तिलाही ऐकू येत होती.

ती गल्लीकडे वळली. "पोचला हो माझा पोरगा! विसावा घ्या आता."

एकेक करत सगळे हातोडे थांबले.